माळवदावरचं ‘गो’

‘गो’ म्हणजे जाणे, हे मला पाचवीपासून ठाऊक होतं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या ज्ञानात भर घालण्याची गरज मला कधी भासली नाही. कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार मी बघतो. पत्र कसं सुरू करायचं आणि कसं संपवायचं हे मला झोपेतही येतं, मधला मजकूर साहेब सांगतात. आमच्या बोळात कुणाला तार आली की ती आधी माझ्याकडे येते, आणि मी वाचून दाखवल्यावर त्या घरात रडायचं की पेढे आणायचे ते ठरतं. त्यामुळे बहिणीनं एक क्रियापद शिकवायला सांगितलं तेव्हा मी पानाला चुना लावत होतो, तो लावतच राहिलो.

चन्नम्मा माझी धाकटी बहीण. घरात तिला चन्ना म्हणतात. मॅट्रिक झाली, बालवाडीच्या बाईंचा कोर्स झाला आणि मग ती घरी बसली. आईच्या मते ती लग्नासाठी थांबली होती. स्थळं यायची, उप्पीट खायची, ‘कळवतो’ म्हणायची आणि आपल्या गावी जाऊन गप्प बसायची. चन्नाला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तिला नोकरी हवी होती. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेनं थोडंफार इंग्रजी शिकवणारं बालमंदिर काढलंय असं कळल्यावर तिनं कुणालाही न विचारता अर्ज टाकला होता. बोलावणं आलं ते तिनं मला वाचून दाखवलं, आणि वाचताना तिचा आवाज कापत होता. तो मी त्याआधी कधी कापलेला ऐकला नव्हता, म्हणून मी पान खाली ठेवलं.

उमेदवारानं समितीपुढे लहान मुलांना ‘गो’ या क्रियापदाचा, त्याच्या नेहमीच्या उपयोगांसह, पाठ घेऊन दाखवावा, असं त्यात लिहिलं होतं. जागा एकच होती.

“अण्णा, एवढं ‘गो’ तेवढं माझ्याकडून घोटून घे,” चन्ना म्हणाली. “ही जागा गेली तर अव्वा मला परत अर्ज करू देणार नाही.”

“एका संध्याकाळचं काम आहे,” मी म्हणालो.

बायको पहिल्या बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी होती. घरात आई, म्हणजे आमची अव्वा, चन्ना आणि मी. माझ्यापाशी वेळ भरपूर होता, आणि मोकळा वेळ मिळालेला कारकून काय करील सांगता येत नाही. मी कचेरीतला मोठा शब्दकोश साहेबांची परवानगी काढून सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणला. ‘गो’ काढलं आणि वाचत सुटलो. पान संपलं, गो संपलं नाही. दुसरं पान उलटलं, तिथंही तेच. दूध नासलं तरी गो. टक्कल पडलं तरी गो. माणूस वेडा झाला तरी गो, घड्याळ चालू असलं तरी गो, कपड्याचा रंग उतरला तरी गो, रात्री अंथरुणावर पडलं तरी गो. एखादी गोष्ट पुढं करणार आहोत आणि ती बसल्या जागी करायची आहे, तरीसुद्धा गोच. इंग्रज आपला देश सोडून इतक्या लांब का आले ते मला त्या दुपारी समजलं. ज्यांना बसल्या बसल्याही जावं लागतं ते घरी कसे थांबणार. पण आता माघार घेता येत नव्हती, कारण शब्दकोश आणताना सगळ्या बोळानं पाहिला होता.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, पण उन्हाळा काही सरला नव्हता. आमची घरं जुनी, माळवदाची. संध्याकाळी घरात बसवत नाही, तेव्हा सगळा बोळ शिडी चढून आपापल्या सपाट छपरावर येऊन बसतो. एकाच्या माळवदावर शिंक आली तर दुसऱ्याच्या माळवदावरून ‘सत्य आहे’ म्हणतात. मी वर्ग तिथंच भरवला. माझा आवाज मुळात मोठा आहे, आणि शिकवताना तो आणखी चढतो असं लोक म्हणतात.

“आय गो. मी जातो. यू गो. तू जातोस. ही गोज. तो जातो,” मी सांगत होतो आणि चन्ना मागून म्हणत होती. इतक्यात आई कंदील घेऊन शिडीवरून वर आली.

“कोण जातंय?” तिनं विचारलं.

“कुणी नाही अव्वा. शिकतोय.”

“दिवेलागणीच्या वक्ताला मी जातो, तू जातोस, काय बोलायलास रे? तुझी बायको तिकडं अवघडलेली हाय. येतो म्हणावं.”

आता घरातून निघणाऱ्या माणसानं ‘येतो’ म्हणायचं असतं, हे मला आईनं सांगायला नको होतं. बाजारात जाणारा ‘येतो’ म्हणतो, परगावी जाणाराही ‘येतो’ म्हणतो. पण हे सगळं मराठीपुरतं आहे अशी माझी समजूत होती. तसं मी तिला समजावलं.

“अव्वा, हे इंग्रजीत आहे.”

“इंग्रजी देवाला कळत न्हाय व्हय?” आई म्हणाली.

शेजारच्या माळवदावर टॉवेल-टोप्यांच्या दुकानाचे मालक ईरप्पा टोपी काढून वारा घेत बसले होते. त्यांनी न विचारता मत दिलं. “तुमच्या अव्वांचं बरोबर हाय, अण्णाराव. आमी कन्नडमध्येसुद्धा नुसतं जातो म्हणत न्हाय. होगि बर्तीनि म्हणतो. जाऊन येतो.” पलीकडच्या माळवदावरून विणकर नरसय्या म्हणाले, “आमच्या तेलुगूत वस्तानु. म्हणजे येतोच की.” अशा रीतीनं दहा मिनिटांत तीन भाषांचा निकाल लागला आणि तिन्हींत कुणालाही नुसतं जाण्याची सोय नाही असं ठरलं.

तोडगाही ईरप्पांनीच काढला. जिथं गो येईल तिथं पाठोपाठ ‘अँड कम’ म्हणायचं. चन्नानं लगेच म्हणून पाहिलं. “आय गो अँड कम. यू गो अँड कम. ही गोज अँड कम्स.” आईला अर्थ सांगितला. तिनं दोनदा मान हलवली आणि कंदील घेऊन खाली उतरली. समिती काय म्हणेल, असं मी विचारलं. पण समिती दूर होती आणि आई शिडीच्या पायथ्याशी होती, त्यामुळे माझं कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीचे उपयोग घेतले. माझी चूक एवढीच झाली की उदाहरणं मोठ्यानं घेतली.

“ही इज गोइंग बॉल्ड,” मी म्हणालो. “त्याला टक्कल पडत आहे.”

शेजारच्या माळवदावर ईरप्पांनी हळूच टोपी डोक्यावर ठेवली. “कुणाला, अण्णाराव?”

“कुणाला नाही. वाक्य आहे.”

“वाक्याला टक्कल पडतंय व्हय?” असं म्हणून ते पाठ फिरवून बसले आणि त्या संध्याकाळी पुन्हा आमच्याकडे वळले नाहीत.

मी विषय बदलायचा म्हणून कपड्याच्या रंगावर आलो. “द कलर गोज. रंग जातो.” सोलापुरात, विणकराच्या शेजारी उभं राहून, रंग जातो असं मी सलग तीनदा म्हणालो. नरसय्या खाली गेले, आपल्या मागावरची लाल-हिरवी नवी चादर आणि पाण्यानं भरलेली बादली घेऊन वर आले, आणि सगळ्या बोळादेखत चादर बादलीत बुडवून त्यांनी ती दाबून दाबून धुतली. मग पिळली. पाणी स्वच्छ होतं. ते भांड्यात घेऊन त्यांनी मला दाखवलं. “कुठं गेला रंग? दाखवा की,” ते म्हणाले. मी माफी मागितली. ईरप्पांनीही पाठमोऱ्यानंच, रंग पक्का आहे अशी साक्ष दिली.

खरा घाव दुधानं घातला. ‘द मिल्क गोज बॅड’ हे वाक्य मी म्हणत होतो आणि त्याचा मराठी अर्थ चन्ना मोठ्यानं सांगत होती, नेमक्या त्याच वेळी खालून तानाबाई किटली घेऊन चालली होती. तानाबाई आम्हाला दूध घालायची. तिच्या दोन म्हशी आणि काही शेरडं दुष्काळातून जगली होती आणि त्या दिवसांत जिची म्हैस जगली तिचा बोळावर अधिकार चालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली नाही. आईनं काळा चहा माझ्यापुढं ठेवला आणि कारण न विचारता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी गावाबाहेर तानाबाईच्या गोठ्यावर गेलो. ती शेण काढत होती.

“या की अण्णाराव. नासकं दूध लागतंय व्हय तुमाला?”

“तानाबाई, ते तुमच्या दुधाबद्दल नव्हतं. इंग्रजीत सगळ्यांचंच दूध नासतं.”

“इंग्रजीत नासू द्या की. तितं कोन माझं गिऱ्हाईक हाय? मराठीत कशापायी आरडून सांगितलं?”

मी पुष्कळ समजावलं. शेवटी तिनं अट घातली. जिथून दूध नासलं म्हणून सांगितलं, तिथूनच ते नासत नाही म्हणून सांगायचं. त्या संध्याकाळी मी माळवदाच्या कडेशी उभा राहिलो आणि चन्नासह घोषणा केली, “तानाबाईज मिल्क डज नॉट गो बॅड. तानाबाईचं दूध नासत नाही.” खाली बोळात तानाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. तिनं पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ते पाहून नरसय्या म्हणाले, मग रंगाचंही सांगून टाका. ‘द कलर डज नॉट गो.’ हे झाल्यावर ईरप्पा खाकरले. त्यांचं वाक्य म्हणताना मला थोडं जड गेलं, कारण मावळतीचं ऊन सरळ त्यांच्या डोक्यावर पडलं होतं, पण शेजारधर्म म्हणून मी तेही म्हणालो. असा चन्नाचा नकारार्थी रूपांचा अभ्यास पक्का झाला. आमच्या बोळात आता काहीच जात नव्हतं, आणि जे जात होतं ते परत येत होतं.

मध्यंतरी संस्थेच्या कार्यालयानं आणखी एक कागद मागितला. मुलगी नोकरी करायला पालकाची हरकत नाही, असं पालकानं राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करून द्यावं. वडील गेल्यापासून पालक म्हणजे मी. माझीच सही माझीच आहे हे सांगणारा अधिकारी शोधत मी फिरलो. आमचे साहेब नेमके दौऱ्यावर होते. दुसऱ्या कचेरीतले साहेब म्हणाले, मी तुम्हाला ओळखत नाही. तिसरे ओळखत होते, म्हणूनच ते सही करायला तयार नव्हते. शेवटी कुणीतरी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तिथं माझ्या पुढं एक बैल आणि एक पोट फुगलेली शेळी होती. रांगेत मी तिसरा. डॉक्टर भला माणूस. त्यांनी माझ्यासमोर शिक्का मारला, आणि सवयीनं सहीच्या वर लिहिलं, ‘समक्ष पाहिले. निरोगी.’ कार्यालयातल्या कारकुनानं तो कागद बराच वेळ वाचला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तो फायलीला लावला.

पाठाच्या दिवशी मी रजा काढली. चन्नासाठी मी एक तक्ता रंगवला होता. त्यात एक माणूस, एक बैलगाडी आणि वाट दाखवली होती. तो गुंडाळून मी शाळेत नेला आणि वर्गाच्या खिडकीखालच्या बाकावर बसलो. आत समितीचे तिघे होते. अध्यक्ष मडिवाळप्पा, भुसार बाजारातले वयस्क व्यापारी. इंग्रजी तपासायला एक निवृत्त हेडमास्तर. आणि संस्थेचे चिटणीस, जे सारखे कागद चाळत होते. चन्नाच्या आधी दोघीजणी पाठ घेऊन गेल्या. दोघींकडे माझ्यापेक्षा चांगले तक्ते होते. चन्नाचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि माझा तक्ता माझ्याच मांडीवर ठेवून आत गेली.

आत आठ-दहा मुलं जमिनीवर बसली होती. चन्नानं पुढच्या एका चिमुरडीला उभं केलं. दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “गो.”

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “गो,” चन्ना पुन्हा म्हणाली. मुलीला शब्द कळला नसेल, पण बोट कळलं. तिचा खालचा ओठ पुढं आला आणि ती रडायला लागली. हेडमास्तरांनी टिपण लिहिलं. बाहेर माझ्या हातातला तक्ता चुरगळला. संपलं, असं मला वाटलं, आणि चन्ना आता पुन्हा उप्पीट करत बसणार या विचारानं खरंच वाईट वाटलं.

चन्ना गुडघ्यावर बसली. दाराकडे हात नेला आणि तो वळवून परत आपल्या छातीशी आणला. “गो अँड कम,” ती म्हणाली. “होगि बा, मरी. जाऊन ये, बाळ.” मुलीनं नाक पुसलं. ती दारापर्यंत गेली, दाराला हात लावला आणि धावत येऊन चन्नाच्या मांडीवर आदळली. मग सगळ्यांनाच जायचं होतं. एकेक पोर ‘आय गो अँड कम’ म्हणत दाराला हात लावून येऊ लागलं. एक तर दोनदा जाऊन आलं.

“थांबा,” हेडमास्तर म्हणाले. “बाई, हे चूक आहे. असं इंग्रजी नाही.”

“होय सर, पुस्तकात नाही,” चन्ना म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता. “पण नुसतं गो म्हटल्यावर ती रडली. घरी आपण ‘जा’ रागावल्यावरच म्हणतो. परत यायचंय एवढं आधी कळलं की मूल जायला तयार होतं. पुढच्या आठवड्यात मी अँड कम काढून टाकीन.”

मडिवाळप्पा इतका वेळ डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले आणि ते चिटणीसांशी कन्नडमधून काहीतरी बोलले. मग मला आत बोलावलं.

चिटणीस म्हणाले, एक गोष्ट बोलावण्याच्या पत्रात लिहायची राहून गेली आहे. इथल्या जागा भरल्या आहेत. ही जागा बार्शीच्या शाखेतली आहे. आधीच्या दोघींनी घरी विचारून सांगते म्हटलं होतं. “रोज एस.टी.नं करता येणार नाही,” मडिवाळप्पा मला म्हणाले. “तिथंच राहावं लागंल. मुलीची जात हाय, म्हणून तुमाला विचारतो. काय म्हणता?”

मी सदरा नीट केला. ‘विथ रेफरन्स टु युवर काइंड ऑफर’ इथपर्यंत वाक्य माझ्या मनात जुळलं होतं. तेवढ्यात हेडमास्तर चन्नाकडे वळून म्हणाले, “बाई, तुम्हीच सांगा. इंग्रजीत सांगा.”

चन्नानं माझ्याकडे पाहिलं नाही.

“आय विल गो,” ती म्हणाली.

सगळे क्षणभर थांबले. मीही थांबलो. पुढं काही आलं नाही.

“करेक्ट,” हेडमास्तर म्हणाले.

“मग, अण्णाराव?” मडिवाळप्पांनी विचारलं.

“येस सर,” मी म्हणालो. शब्दकोश घरी आणल्यापासून त्या प्रकरणात माझं एवढंच इंग्रजी समितीच्या कानावर पडलं.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत चन्ना भराभर बोलत होती, बार्शीला मावशीकडे राहता येईल, रविवारी येता येईल, पगारातून अव्वाला काय घ्यायचं ते. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि घर जवळ येत गेलं तसं ते आत्तापासूनच मोकळं मोकळं वाटायला लागलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही. तक्ता मात्र कुठंतरी विसरला असं सांगितलं.

आई ज्वारी निवडत बसली होती. चन्नानं तिला सगळं सांगितलं. बार्शीचं नाव निघाल्यावर आईचा सुपातला हात थांबला. लग्नाआधी मुलीनं परगावी राहायचं, ही गोष्ट आमच्या घरात तोवर झाली नव्हती.

“तू काय म्हणालीस त्यांना?” आईनं विचारलं.

“आय विल गो म्हणाले.”

“म्हणजे?”

मी घसा खाकरला. “त्याचं असं आहे अव्वा, विल हे जे...”

“तू गप बस. तिला सांगू दे.”

“म्हणजे मी जाणार, अव्वा,” चन्ना म्हणाली.

बाहेर दिवे लागत होते. आईनं सुपातला एक खडा शोधून काढला, बोटात धरून निरखला आणि बाजूला टाकला. मग पदरानं तोंड पुसून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मावशीच्या घरात उंदीर लई हायत. कापडं भाईर ठिवू नकोस. अण्णाची ट्रंक घेऊन जा.”

त्या ट्रंकेत माझे कपडे होते. मी उठलो आणि ते बाहेर काढायला लागलो.